ऐकू न आलेल्या शिट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. माझं बूड काळं पडलंय, मधोमध फुगलंय, आणि कानाला धरून उचललं तर तो कान हातात येईल की काय अशी भीती वाटते. शिट्टी तर आता माझ्याकडे नाहीच. ज्या घरात मी सारं आयुष्य काढलं, तिथली एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. तिच्यात हसू पुष्कळ आहे. पण ती आठवली की या घरातली आई अजूनही मान खाली घालते. मी तिच्याच ओट्यावर राहिलो असल्यामुळे मलाही वर बघवत नाही.

मी मुळात पत्र्याची एक सपाट चकती होतो. कारखान्यातल्या यंत्राने एका दणक्यात मला खोलगट केलं, दुसऱ्याने कडा वळवल्या. मग चकाकी आली, वाफेची परीक्षा झाली आणि खोक्यात बसून मी दुकानात आलो. एके दिवशी तिथे एक नवं जोडपं आलं. नवरा गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. त्याने दुकानदाराला सगळे कुकर बाहेर काढायला लावले आणि एकेकावर टिचकी मारून तो कान देऊन ऐकू लागला.

"साहेब, यात शिजवायचंय की हे वाजवायचंय?" दुकानदार वैतागून म्हणाला.

बायको तोंडावर हात धरून हसली. माझ्यावर टिचकी पडली तेव्हा नवरा म्हणाला, "हा द्या. याचा आवाज स्वच्छ आहे." असा मी त्या घरी गेलो. तेच पुढे या घरातले आई आणि बाबा झाले.

बाबांचा कान म्हणजे काय सांगू तुम्हाला! गॅरेजात गाडी आली की बॉनेट उघडायच्या आत ते तिचा आजार सांगायचे. नेमकी जागा हवी असेल तर लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. गॅरेजचे मालक कौतुकाने त्यांना 'कानसेन' म्हणायचे. घरीसुद्धा बाहेरच्या खोलीत दाढी करता करता ते हाक मारत, "अगं, कुकरला सर्दी झालीय. रिंग बदल त्याची." आणि खरंच, माझ्या झाकणाखालून बारीकशी वाफ सुटत असायची.

आई एका दवाखान्यात खिडकीशी बसून रुग्णांना नंबर देई. दिवसभर कण्हणं आणि कुरकुर ऐकून ती कंटाळून जायची, म्हणून घरी तिने एक नियम केला होता. रात्रीच्या जेवणाला बसलं की प्रत्येकाने आधी दिवसातलं काहीतरी चांगलं सांगायचं, रडगाणं नंतर. मग ताई म्हणायची, "आज बसमध्ये खिडकी मिळाली." धाकटीला सगळे पिटुकली म्हणत. ती म्हणायची, "आज गणिताच्या बाई आल्याच नाहीत." आई म्हणायची, "एका आजोबांनी मला डॉक्टर समजून दोन्ही हात जोडले. मीपण गंभीर चेहरा करून मान हलवली." आणि बाबा सांगायचे, "आज एक म्हातारी गाडी पहिल्याच किल्लीत सुरू झाली." मोठं काही नसायचंच. पण मी ओट्यावर निवत पडलेलो असे, आणि या लहानसहान गोष्टींनी ते स्वयंपाकघर भरून जाई.

पुढे पुढे बाबा गमतीदार उत्तरं देऊ लागले. आई म्हणाली, "दूध नासलंय." बाबा म्हणाले, "कोण हसलंय?" ताईने वही मागितली, तर म्हणाले, "दही? रात्रीचं नको, घसा बसेल." सगळ्यांत कहर झाला तो एका संध्याकाळी. आईने सांगितलं, "रविवारी मावशी येणार आहे." बाबांचा चेहरा पडला. "म्हशी? अगं, बांधायच्या कुठं?"

त्या दिवशी ताई टेबलाखाली गेली हसता हसता. पिटुकलीला उचकी लागली. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग तेही हसू लागले. ते नेहमी असेच हसत, सगळ्यांच्या मागून, सगळ्यांचे चेहरे पाहून झाल्यावर.

आईला नकला छान जमायच्या. हे किस्से तिने दवाखान्यात सांगितले, शेजारच्या काकूंना सांगितले, नात्यागोत्यात तर मागणी करून तिला सांगायला लावत. हळूहळू किस्से पुरेनासे झाले. मग ती मुद्दाम हळू बोलू लागली. पाठ फिरवून काहीतरी पुटपुटायचं, मुलींना डोळा मारायचा आणि बाबा काय उत्तर देतात त्याची वाट बघायची. मुलीही तसंच करायला शिकल्या.

मावशी यायच्या त्या रविवारी सकाळी आईने माझ्यात बटाटे लावले आणि ती वाण्याकडे निघाली. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा हं," असं तिने बाबांना समोर उभं राहून सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि पेपर घेऊन ते ओट्याजवळच्या खुर्चीवर बसले. मी शिट्टी दिली. दुसरी दिली, तिसरी दिली. बाबांनी पान उलटलं. मी देतच राहिलो. माझ्या पोटातलं पाणी आटलं, बटाटे बुडाला लागले, शिट्टीसुद्धा थकली, आणि शेवटी झाकणातला वॉल्व्ह उडून छताला लागला. धूर नाकात गेला तेव्हा बाबा दचकून उठले.

आई परत आली तेव्हा ते ओल्या फडक्याने भिंत पुसत होते.

"अहो, कानाशी बसून कोकलत होता तो. लक्ष कुठं होतं तुमचं?"

"वाचण्यात गुंग झालो," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मावशीच्या घरचे आले आणि आईला नवा किस्सा मिळाला. तिने माझ्या शिट्ट्यांचा आवाज काढला, पेपर धरून बाबांची नक्कल केली. बाबा शेजारीच बसून हसऱ्या तोंडाने बघत होते. मग भाजीचं पातेलं हातात घेऊन आई त्यांच्यापाशी आली आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "अहो, तुम्हाला भंगारात देऊन टाकू का?"

बाबांनी ताट पुढे केलं. "दे. पण थोडीच, पोट भरलंय."

टेबलावर हशाचा नुसता गडगडाट झाला. मावशीचा नवरा खोकत खोकत बाहेर गेला. बाबाही हसले, जरा उशिरा. मी मोरीत भिजत पडलो होतो, करपलेल्या बुडानिशी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी गॅरेजचे मालक दारात आले. आई नुकतीच दवाखान्यातून आली होती.

"घाबरू नका, वहिनी," ते म्हणाले. "पायावरून चाक गेलंय त्याच्या. हाड शाबूत आहे. पट्टी बांधून झाली की घेऊन येतो मी."

"पण झालं कसं?"

"गाडी मागं येत होती. हॉर्न दाबून धरला होता हो. हा आपला खाली वाकून नट शोधतोय, हलेचना."

आईचा जीव भांड्यात पडला आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यांचं तसंच आहे. परवा आमचा कुकर..." ती हसत सांगू लागली. मालक हसले नाहीत. तेव्हा तिचंही वाक्य अर्ध्यात राहिलं.

"म्हणजे घरी सांगितलंच नाही त्यानं," मालक म्हणाले. "कान गेलेत, वहिनी. डावा पुरता गेलाय, उजवा जेमतेम. इंजिनाला हात लावत नाही आता. टायर बदलतो, गाड्या धुतो. गॅरेजातल्या पोरांसमोर त्याला कानसेन म्हणायचं मी सोडून दिलंय, उगाच लागायचं त्याला."

"मला का नाही बोलले?"

मालक चपलेने उंबरा घासत राहिले. "मी म्हटलं त्याला, घरी सांग, तपासून घे. तर म्हणाला, माझ्या उलट्यासुलट्या उत्तरांवर घरात सगळे पोट धरून हसतात. दिवसातलं तेवढंच चांगलं असतं माझ्याकडे. खरं कळलं की सगळे गप्प होतील."

मालक गेले. आई स्वयंपाकघरात आली आणि जमिनीवर बसली. दवाखान्याच्या खिडकीशी कितीतरी म्हातारी माणसं यायची, ज्यांना नंबर ऐकू येत नसे. ती खुर्चीतून उठून त्यांच्याजवळ जायची, पुन्हा सांगायची, बोटांनी दाखवायची. त्यांना ती कधी हसली नव्हती. तिने मला ओढून मांडीत घेतलं आणि करपलेलं बूड घासायला सुरुवात केली. ते निघणारं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती घासत राहिली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता आणि ती कुणाकडेच बघत नव्हती, रिकाम्या भिंतीकडेसुद्धा.

मुली शाळेतून आल्या. आईने त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. ताई नखं कुरतडत राहिली, पिटुकली रडली. मग मालकांच्या खांद्यावर हात टाकून बाबा आले. त्यांना खुर्चीत बसवून, पाय स्टुलावर ठेवून मालक निघून गेले. आईने चहाचं आधण ठेवलं. बाबांकडे तोंड करायचं धैर्य तिला होईना. गॅसकडे बघतच ती म्हणाली, "माझं चुकलं हो."

"हं," बाबा म्हणाले. "अर्धा कप चालेल."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या उत्तरावर घर डोक्यावर घेतलं असतं सगळ्यांनी. ताईने खालचा ओठ दातांत धरला. आईने गॅस बंद केला, खुर्ची ओढून ती बाबांच्या समोर बसली आणि तेच पुन्हा म्हणाली. बाबांनी हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावली. त्यांना समजलं नव्हतं. आईने आवाज चढवला. खिडकी उघडी होती. शेजारच्या काकू गच्चीवर कपडे पिळत होत्या, त्या थांबल्या. आईने ते पाहिलं, पण ती थांबली नाही.

"मी तुम्हाला हसले," ती एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाली. "मुद्दाम हळू बोलून हसले. चारचौघांत हसले. माझं चुकलं." शेवटी शेवटी तिचा आवाज फाटला.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "ऐकलं," ते म्हणाले. मग त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "काकूंनीही ऐकलं."

कुणीच हसलं नाही. बाबांनी आईकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली.

"बघ," ते म्हणाले. "म्हणून सांगत नव्हतो."

पुढे कान तपासले. उजव्या कानाला यंत्र बसलं. त्याने बोलणं कळतं, पण इंजिनाचं दुखणं काही कळत नाही. बाबा म्हणतात, सगळे आवाज पत्र्यामागून आल्यासारखे वाटतात. ते टायरच बदलतात. घरातलं हसू मात्र बरेच महिने आलं नाही. आलं तेही बाबांनीच आणलं. पुन्हा मावशी आली तेव्हा तिने म्हशींचा किस्सा सांगायचा आग्रह धरला. "तो मी आता सांगत नाही," असं म्हणून आईने ताटात मान घातली. मग बाबांनीच तो सांगितला, अगदी म्हशींना बाथरूममध्ये बांधायच्या बेतापर्यंत वाढवून. सगळे हसले, मुलीही हसल्या. आई पाणी आणायच्या निमित्ताने उठली आणि माठापाशी पाठमोरी उभी राहिली. तिला हसायची परवानगी मिळाली होती, पण ती घेणं तिला अजून जमत नाही.

माझं म्हणाल तर, दुरुस्ती करणाऱ्याने माझं फुगलेलं बूड पाहून हात वर केले. आता ओट्यावर नवा कुकर आहे, आणि मी वरच्या फळीवर डाळी सांभाळतो. माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी विचारलेलं सोडून भलतंच उत्तर देत असेल. तुमच्या घरात हसू असू द्या, ते भाग्याने मिळतं. पण त्या माणसाला एकदा सांगून कळलं नाही, तर पुटपुटत पाठ फिरवू नका. उठा, त्याच्याजवळ जा, तोंड त्याच्याकडे करा आणि पुन्हा सांगा. घर काही एवढं मोठं नसतं.