अकरा वेळा पहिलं प्रकरण

"ग्रंथपालबाई, त्या दीपगृहाचा दरवाजा मला आता घरच्या दरवाजापेक्षा ओळखीचा झालाय," फोनवरून इंजिनवाले आजोबा म्हणाले. "अकरा वेळा उघडला मी तो. आत कोण मरून पडलंय ते पाठ आहे. मारलं कुणी, ते या जन्मात कळेल का, तेवढं सांगा."

मावशीने फोन भाचीच्या हातात दिला आणि कपाळ टेबलावर टेकलं.

भाचीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसायची नाही म्हणून लहानपणी पडलेलं नाव, पण खरी फिरायला लागली ती गेल्या महिन्यापासून. त्याआधी वर्गात हात वर करताना ती आधी दोन्हीकडे बघून घ्यायची, बाकी कुणाचा आहे का ते. मग शाळेच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिला, तो चालला, आणि मुख्याध्यापकांनी भर मैदानात तिचं नाव घेतलं. तेव्हापासून जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एका दमात चढणं सुरू झालं होतं.

"आजोबा, मी भाची बोलतेय. एक सांगा, दर वेळी अगदी पहिल्या शब्दापासून सुरू होतं का?"

"छे! ते तर मी त्या बाहेरच्या कंपनीवाल्यांना कधीचं सांगतोय, पण आंधळ्या म्हाताऱ्याचं ऐकतो कोण? परवा सुरू झालं ते वाचणाऱ्या बाई खोकतात तिथून. काल खोकला गेला, खुर्ची करकरली तिथून. रोज थोडं पुढे सरकतं गं, पण मुंगीच्या पावलाने. चाळीस वर्षं बोटीचं इंजिन नुसतं ऐकून दुरुस्त केलंय मी. माझा कान चुकायचा नाही."

भिंगरीने हे वहीत लिहून घेतलं. खोकला. खुर्ची. मुंगी.

मावशीची लायब्ररी होती वाचू न शकणाऱ्यांसाठी. पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केलेली, आणि वाचकांनी फोन करून ऐकायची. नऊ वर्षं मावशी कोण कुठे थांबलं ते वहीत लिहून ठेवायची आणि फोन आला की तिथून हाताने लावून द्यायची. वाचक दोनशे बारा झाले तेव्हा हात पुरेनात, म्हणून समितीने बाहेरच्या कंपनीकडून प्रोग्रॅम करून घेतला. आपला चार आकडी नंबर दाबा, थांबलात तिथून पुढे ऐका. सोपं होतं. पण तीन महिने झाले, थांबलेल्या जागी कुणालाच जाता येईना, आणि पुढे ढकलायचं बटण बाहेरवाल्यांनी 'पुढच्या टप्प्यात' ठेवलेलं. तक्रार केली की उत्तर यायचं: आमच्या बाजूने सर्व ठीक आहे, वाचकांना प्रशिक्षण द्यावे. नाचता येईना अंगण वाकडं!

आणि आता शनिवारी समितीची बैठक होती. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. त्यांचीही नजर अधू झालेली, त्याही याच फोनवर ऐकायच्या, आणि त्यांचा फोन मात्र घड्याळासारखा चालायचा. त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं: यंत्रात दोष नाही, वाचकांनाच वापरता येत नाही, सबब ही सेवा बंद करावी. शनिवारी हात वर झाले की मावशीची नऊ वर्षं कपाटात जाणार होती.

"मला बघू दे तो प्रोग्रॅम," भिंगरी म्हणाली.

"अगं, मोठमोठ्या माणसांनी लिहिलाय तो."

"म्हणूनच."

मावशी हसली, बऱ्याच दिवसांनी. "बघ. पण आधी त्याची नक्कल काढून ठेव. आणि अध्यक्षबाईंच्या नंबरवरून फोन लावून बघू नकोस हं. तेवढा एक चालतोय, तो तरी राहू दे."

मंगळवारी शाळा सुटल्यावर भिंगरीने प्रोग्रॅम उघडला आणि पहिल्या पाच मिनिटांत तिला कळलं की मोठमोठी माणसं म्हणजे नेमकी किती मोठी. प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायला नावं द्यावी लागतात. इथे नावं होती क, कक आणि ककक. एका फाइलचं नाव 'नवीन', दुसरीचं 'नवीन_खरंच', तिसरीचं 'नवीन_खरंच_शेवटचं', आणि चालू होती ती पहिली. एकच काम करणारा मजकूर सात ठिकाणी चिकटवलेला, सातही ठिकाणी थोडा वेगळा. जागोजागी लिहिणाऱ्याने स्वतःसाठी टिपणं ठेवलेली: सध्यापुरतं. उद्या बघू. हात लावू नका, का चालतंय माहीत नाही.

"मावशी, हा माणूस माझा जीव घेणार! याचं नाव मी उद्याराव ठेवलंय."

"एकच माणूस आहे का?"

"नाही, तीन आहेत. जागा लिहून ठेवणारा वेगळा, वाचून दाखवणारा वेगळा आणि नमस्कार-चमत्कार करणारा वेगळा. तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, मी पैजेवर सांगते. तीन आचारी, तिघांनी मीठ टाकलंय आणि चौथ्याला वाटतंय भाजी गोड का लागत नाही."

बुधवार रागवण्यात गेला. गुरुवारी ती सात चिकटवलेल्या तुकड्यांचं एक करत बसली, आणि ते करताना तिच्या मनात कधी नव्हे ती कीव आली. दोन ओळींच्या मध्ये कुणीतरी लिहिलं होतं: वेळ दिला नाही, माफ करा. कुणाला म्हणत होता तो? इथवर कुणी वाचत येईल अशी त्याला आशा होती की काय? "केलं माफ," भिंगरी पुटपुटली. "पण क, कक आणि ककक कधीच माफ होणार नाही."

शुक्रवारी तिने वही उघडली. खोकला, खुर्ची, मुंगी. तिने कादंबरी लावली आणि समोर घड्याळ ठेवलं. खोकला पस्तिसाव्या सेकंदाला आला. खुर्ची करकरली एक्कावन्नाव्या सेकंदाला. मग तिने आजोबांच्या खात्यात बघितलं. खोकल्यापासून लागलं त्याच्या आदल्या दिवशी ते थांबले होते पस्तिसाव्या मिनिटाला. खुर्चीपासून लागलं त्याच्या आदल्या दिवशी एक्कावन्नाव्या.

भिंगरी खुर्चीवर उभीच राहिली.

"मावशी! जागा लिहिणारा मिनिटं लिहितोय आणि वाचणारा तेच आकडे सेकंद समजतोय! आजोबा पस्तीस मिनिटं ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र त्यांना पस्तिसाव्या सेकंदाला नेऊन सोडतं!"

"एवढंच?"

"एवढंच! तीन महिने! इथेच घोडं पेंड खात होतं!"

"मग बाहेरवाल्यांनी विकताना कसं चालवून दाखवलं?"

"एक मिनिट ऐकवलं असणार. एक मिनिटाचा एक सेकंद झाला. पुन्हा सुरुवातीपासून लागलं तरी लक्षात कुणाच्या येतंय?"

पुढचं काम सोपं होतं. यापुढे जागा सेकंदांत लिहायची, आणि आधी लिहिलेल्या सगळ्यांच्या जागा एकदाच साठने गुणायच्या. तिने वीस वाचकांच्या नंबरांवरून फोन लावून पाहिले, प्रत्येकाला आपापली जागा मिळाली. अध्यक्षबाईंच्या नंबरवरून तेवढा लावला नाही, मावशीने बजावलं होतं ना! घरी जाताना ती तीन पायऱ्या एकदम उतरली आणि तिसरी जवळजवळ चुकली.

शनिवारी अकराला बैठक भरली. लांब टेबल, पाण्याचे पेले, समितीचे पाच जण आणि साक्षीदार म्हणून मुद्दाम बोलावलेले इंजिनवाले आजोबा, पांढरी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून.

"दुरुस्त झालं म्हणता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुणी केलं?"

"मी," भिंगरी म्हणाली. दोन्हीकडे न बघता.

"इयत्ता?"

"दहावी."

"वयाचा पुरावा मागत नाही, कामाचा मागते. मी माझाच नंबर लावते. मीही तीच दीपगृहाची कादंबरी ऐकतेय, काल बेचाळिसाव्या मिनिटाला थांबले. तिथून सुरू झालं तर पुढे बोलू."

त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला आणि आकडे दाबले. शून्य, शून्य, शून्य, एक. नमस्कार झाला. क्षणभर शांतता. मग वाचणाऱ्या बाईंचा आवाज आला, अगदी गंभीर: "शेवटी त्याने मान खाली घातली. 'होय,' तो म्हणाला, 'दोर मीच कापला.'"

"अरे, हा तर शेवट आहे!" आजोबा ओरडले. काठी खाली पडली. त्यांनी दोन्ही कान घट्ट दाबले आणि छताकडे तोंड करून एकोणतीसचा पाढा सुरू केला. "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! बंद करा तो फोन! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

मावशी बटणावर झेपावली, पण तोवर खुन्याचं नाव येऊन गेलं होतं. आजोबांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

"बरं," अध्यक्षबाई थंडपणे म्हणाल्या. "एकच फोन चालत होता. तोही दुरुस्त झाला."

कुणीतरी हसलं. भिंगरीचे कान तापले. एका क्षणात तिला वाटलं आपण पुन्हा ती दोन्हीकडे बघणारी मुलगी झालो. पण मग तिच्या डोक्यात प्रश्न आला, आणि प्रश्न आला की भिंगरीला घाबरायला वेळ मिळायचा नाही. सगळ्यांचे फोन मोडलेले असताना हा एकच नीट कसा काय चालत होता?

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तुमचा नंबर तपासला नाही. चालतोय म्हणून सोडला. मला पाच मिनिटं द्या."

"चार," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिने संगणक टेबलावर आणला. नीट न वाचलेली एकच फाइल उरली होती, नमस्कार म्हणणारी. नमस्कार तर नीट ऐकू येत होता, म्हणून तिने ती मंगळवारी वरवर चाळून सोडून दिली होती. आणि तिथे, 'आपले स्वागत आहे'च्या खाली, उद्यारावांची ओळ बसली होती.

"सापडली!" भिंगरीने ती मोठ्याने वाचली. "वाचकाचा नंबर एक असेल, तर जागा साठने गुणा. आणि पुढे टिपण आहे: अध्यक्षांची तक्रार, सध्यापुरतं, सोमवारी सगळ्यांचं करू."

अध्यक्षबाईंनी फोन बाजूला सारला.

"समजावून सांग," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"दोष सगळ्यांनाच होता. तुम्ही तक्रार केलीत, म्हणून त्यांनी फक्त तुमच्यापुरती मलमपट्टी केली. मी काल मूळ दुखणं बरं केलं, आणि तुमची पट्टी तशीच राहिली. दोनदा गुणलं गेलं, तुम्ही पुस्तकाच्या पार पलीकडे गेलात. जागा सापडली नाही की यंत्र शेवटचं मिनिट वाजवतं."

"म्हणजे तीन महिने माझ्या एकटीचा फोन चालत होता, मी अध्यक्ष म्हणून."

"हो."

"आणि मी लेखी दिलंय की दोनशे अकरा माणसांना फोन लावता येत नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काढ ती ओळ."

भिंगरीने ती काढली. "तुमची जागा मी कालच्या नकलेवरून परत आणते, एक मिनिट लागेल."

"राहू दे. मला निकाल कळलाय. आता यांचा नंबर लाव." त्यांनी आजोबांकडे हात केला. आजोबा एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्टपर्यंत पोचले होते. त्यांचे हात खाली घेऊन समजावून सांगावं लागलं.

त्यांनी बोटांनी चाचपत आकडे दाबले. नमस्कार. शांतता.

"...जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं, आणि त्याच्या हातात कंदील नव्हता."

आजोबांचा चेहराच बदलला. "हे नवीन आहे," ते हळूच म्हणाले. "हे मी ऐकलेलं नाही. जिना आहे होय तिथे?"

"मग, सदस्यहो," अध्यक्षबाई म्हणाल्या, "सेवा बंद करण्याचा माझा ठराव—"

"श्श!" आजोबा म्हणाले.

निवृत्त न्यायाधीशांना आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणी गप्प केलं असावं. त्यांनी आवाज न करता टेबलावरचा कागद ओढला, ठरावावर एक आडवी रेघ मारली आणि तो मावशीकडे सरकवला. मावशीने रेघ बघितली, मग भाचीकडे बघितलं, आणि रुमाल शोधायला लागली.

भिंगरी मात्र प्रोग्रॅममध्येच होती. ओळ काढली तिथे तिने स्वतःचं टिपण लिहिलं: काय बदललं, का बदललं, कोणत्या तारखेला, आणि खाली पूर्ण नाव. सध्यापुरतं हा शब्द तिने कुठेच वापरला नाही.

दहा मिनिटांनी आजोबांनी फोन खाली ठेवला तो फक्त एक विचारायला. "अध्यक्षबाई, तुम्हाला शेवट कळलाय. नाव नका सांगू. पण तो जिन्यावरचा माणूस चांगला की वाईट?"

"निकाल आधी फोडता येत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ऐका पुढे."