टाचेवरच्या गाठी

मनुबाईने डोक्यावर पदर ओढला, वाटीत बोटं बुडवली आणि दहा वर्षांच्या नातीच्या टाचेमागच्या पिवळट गाठींना खोबरेल चोळू लागली.

"अहो, दुखतंय का?"

"नाय गं आजी," मालू म्हणाली.

ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल, पण कोळीवाड्याला आता सवय झाली होती. मनुबाईचा नवरा गोमाजी, तिचा सख्खा आतेभाऊच, ऐन चाळिशीत, होडीतच छातीला हात लावून गेला. त्याच्या टाचांवर अश्शाच गाठी होत्या. पुढे तीन वर्षांनी मालू जन्मली, पाचेक वर्षांची झाली, आणि तिच्याही टाचांवर त्या उमटल्या. झालं! नवराच परत आला म्हणून म्हातारीने हातच जोडले. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. आता नातीलाच अहो-जाहो सुरू केलं. तव्यावरचा माशाचा पहिला तुकडा मालूच्या ताटात. मालूची आई मालन मनातून चरफडायची. पण मनुबाई तिची सासू, वर सख्खी आत्या. बोलणार कोण?

मग गेल्या महिन्यात मालनचा नवरा गुणाजी वागळे इस्टेटच्या कारखान्यात छाती धरून खाली बसला. वाचला बिचारा. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. मनुबाई काही सुईला तयार झाली नाही. मालन मात्र लेकीला घेऊन गेली.

रिपोर्ट आले त्या दिवशी खोपटच्या दवाखान्यात डॉक्टर हेमाबाईंनी मालूची टाच हातात घेतली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

"हे कोलेस्टेरॉल आहे. रक्तात मावेनासं झालं की असं साठतं. हिचं साडेसहाशे आलंय."

"आणि माझं?"

"साडेतीनशे. तुमच्या मिस्टरांचंही तेवढंच. तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?"

"मामाची मुलगी मी."

"म्हणजे हिला दोन्हीकडून मिळालंय. उद्याच मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या. हयगय केलीत तर विशीही गाठणार नाही."

मालन पदराने लेकीची टाच पुसत राहिली. तेल काही निघेना.

संध्याकाळी मालू जेवत होती. स्वयंपाकघराच्या दारातच मालनने आत्याला सगळं सांगितलं आणि तिला रडू फुटलं.

"आत्ये, पोर जाईल गं आपली!"

मनुबाईने शांतपणे ऐकून घेतलं. मालूच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. मग मालनजवळ येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी मायेने.

"रडतेस कशाला, येडे? गेले तरी परत येतील. मागल्या खेपेला तीनच वर्षं लागली."

मालनने ताटाकडे पाहिलं. मालूचा घास हातातच राहिला होता.

"आजोबा परत येतील," ती म्हणाली. "आणि मी?"