पाय उचलेपर्यंत

पंधरावी फेरी संपली तरी मी पाय उचलला नाही.

शेजारच्या खुर्चीत चारुदत्त घामाघूम झाला होता. सिंगापुरात टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेत, रविवारी सकाळी आम्ही सहाजण गोल करून अमेरिकेतल्या खेड्यांतलं जुनं फिडल वाजवतो. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. एक लहानशी धून घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून ती पुन्हा पुन्हा वाजवायची. ज्याने सुरू केली त्यानेच संपवायची. त्याने पाय वर केला की ती शेवटची फेरी. तोवर शक्यतो कोणी थांबत नाही. हा नियम आम्हाला चारुदत्तनेच शिकवला होता, म्हणून तर मला तो फार गोड लागत होता.

गेल्या वर्षी कम्युनिटी सेंटरमध्ये आमचा कार्यक्रम होता. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. बावीस वर्षं लोकांना 'बसा, बोलावते' म्हणत आले. स्वतः स्टेजवर जायची ती पहिलीच वेळ, म्हणून पैठणी नेसले होते. आत जायच्या पाच मिनिटं आधी चारुदत्त सगळ्यांदेखत म्हणाला, "अरुणाताई, तुम्ही बो नुसता हलवा. तारेला टेकवू नका. सूर जातो तुमचा."

तीन गाणी होईपर्यंत मी बो, म्हणजे आपला गज, हवेत हलवला. घरी आल्यावर माझी मुलगी जाई व्हिडिओ बघत तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "व्हेरी नाइस लाह, आई. पण तुझा आवाज कुठला यातला?" मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यातून आलं की कपडे वाळत घातलेल्या खोलीचं दार लावून घ्यायचं आणि एकच धून घोटायची. तीही सगळ्यांत पळती. आठ महिने असे काढले. लोक देवाचं नाव घेऊन कामाला लागतात, मी चारुदत्तचं घेत होते.

सुरुवात करायची पाळी गोलातून फिरते. त्या रविवारी माझी आल्यावर मी तीच धून सुरू केली.

अठराव्या फेरीला गिटारवाले लिम अंकल हात झटकत थांबले. "अरुणा, कॅनॉट ऑलरेडी लाह!" मग बाकीचेही एकेक करून गळाले. उरलो आम्ही दोघं.

"थांबू या का?" मी वाजवता वाजवताच विचारलं.

"सुरू तुम्ही केलंय," तो म्हणाला. "तुम्हीच ठरवा."

मी वेग वाढवला. बाविसाव्या फेरीला त्याची करंगळी तारेवरून घसरली. पुढच्या फेरीला पुन्हा घसरली, आणि असा बेसूर आवाज उमटला की पलीकडे खेळणारी मुलंसुद्धा वळून बघायला लागली. आठ महिने मी याचीच वाट बघत होते.

"बो नुसता हलवा, चारुदत्त," मी म्हणाले. "तारेला टेकवू नका."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खरोखरच बो तारेवरून बोटभर वर घेतला आणि माझ्या धुनेबरोबर हवेत हलवू लागला. ठेका कुठेही चुकत नव्हता. मान ताठ होती. मी अजून धून संपवली नव्हती, म्हणून तोही थांबत नव्हता.

खोटं कशाला बोलू, पहिल्या फेरीत मला फार बरं वाटलं. दुसऱ्या फेरीत त्याच्याकडे बघवेना. मी पाय उचलला.

लिम अंकलनी टाळ्या वाजवल्या. चारुदत्त फिडलची पेटी बंद करत होता, पण डाव्या हाताला खिट्टी सापडत नव्हती. त्याची बायको शुभदा पुढे झाली आणि तिने ती लावली.

"चार महिने झाले, बोटं बधिर होतात त्यांची," ती मला हळूच म्हणाली. "कोणाला सांगू नकोस, म्हणाले होते."

जाताना तो माझ्यापाशी थांबला. "छान वाजवलंत. मनगट मोकळं झालंय आता तुमचं." त्यात टोमणा असेल म्हणून मी शोधला. नव्हता.

पुढच्या रविवारी तो आला नाही. लिम अंकलनी सवयीने सहा खुर्च्या मांडल्या होत्या. पाळी गोलातून फिरत आली आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवरून सरळ माझ्याकडे आली. सगळे माझ्याकडे बघत थांबले. मी फिडल हनुवटीखाली धरलं, आणि मला एकही धून आठवेना.