पडद्याआडचं भांडण

दोघे पडद्याआड आले तेव्हाच मी ओळखलं, आज कडाक्याचं वाजणार. गंगापूर रोडला आमचं टेलरिंगचं दुकान. रंगनाथभाऊजी कापायचे, आमचे हे शिवायचे, आणि मी पडद्यामागे काज-बटण करत दोघांची भांडणं ऐकायची. दोघांची भागीदारी निम्मी-निम्मी, तोंडं मात्र कायम दोन दिशांना.

पडदा एकाहत्तरच्या लढाईतला. ओझरला विमानांचा कारखाना, म्हणून नाशकात अंधार पाळायचे. तेव्हा खिडकीला लावलेलं हे काळं कापड. रेडिओवरच्या बातम्या ऐकून भाऊजींनी त्यातनं धडा काढला. म्हणाले, इंदिराबाई आणि संरक्षणमंत्री बाबूजी खोलीत कितीही भांडत असोत, बाहेर शब्द एकच येतो; आपणही तसंच करू. लढाई संपली, कापड दुकानात मधोमध टांगलं, आणि त्यामागे काय भांडले हो दोघे! गिऱ्हाइकासमोर मात्र, चूक कुणाचीही असो, ‘आमची चूक’ एवढंच.

पुढे सत्त्याहत्तरात ते दोघे पुढारीच वेगळे झाले. मग काय, लोकांना चिडवायला आयतंच सापडलं. भाऊजी म्हणायचे, त्यांची लढाई संपली बाबा, आमची दर दिवाळीला असते.

तर त्या दिवशी एका वरबापाचं सफारीचं कापड वाया गेलं होतं. हल्ली हे वरचेवर व्हायचं. भाऊजींची नजर अधू झाली होती. खडूची रेघ बोटानं चाचपून कापायचे. आम्हाला दिसत होतं, पण बोलायचं कुणी? न बोलावं तर दुकान बसणार, आणि कात्री सोडा म्हणावं तर त्या माणसाजवळ दुसरं होतं काय!

भाऊजी कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“बोल की, देवराम. इथं बोलायचं ठरलंय ना आपलं?”

एका कॉलरवरून दुकान डोक्यावर घेणारे आमचे हे, खाली मान घालून उभे. मला दोघांचीही इतकी माया आली की हातातली सुई तशीच राहिली.

शेवटी भाऊजींनीच कात्री यांच्या हातात ठेवली.

“आजपासून तू काप. बाहेर बोलू नको.”

वरबापाला आमच्या पदरचं कापड दाखवलं. भाऊजींनी टेप लावला, यांनी शेजारी उभं राहून आकडा वाचला. त्या गृहस्थांना भरवसा वाटेना. कापणार रंगनाथ मास्तरच ना, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं.

“मग दुसरं कोण?” हे म्हणाले, आणि कापड घेऊन आत आले.

यांचा हात शिलाईचा, कात्रीला बिचकायचा. भाऊजी बाहेर गळ्यात टेप अडकवून गिऱ्हाइकाशी लग्नाच्या गप्पा मारत होते, कान मात्र पडद्याकडे. आत कात्री अडखळली की बाहेर ते हळूच खोकायचे. हे थांबायचे, कापड सारखं करायचे आणि पुन्हा कापायला लागायचे.