उशीच्या वरची खिडकी

आमच्या अंगणात शिडाची होडी उभी आहे असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग आणखी निरखून बघतात. कोल्हापुरात समुद्र नाही हे मला ठाऊक आहे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलाय मी. पण आमच्या ह्यांना, म्हणजे गुरुप्रसादना, कोण सांगणार? अख्खी नोकरी जहाजावर इंजिनियर म्हणून केली, आता निवृत्तीत गप घरी बसावं, तर रत्नागिरीला जाऊन ही म्हातारी होडी विकत घेतली. दुरुस्तीसाठी ट्रेलरवर घालून आंबा घाट चढवून इथं आणली. येणारेजाणारे फाटकाशी थांबून विचारतात, "पावणं, रंकाळ्यात सोडायची व्हय?"

ती घाट चढून आली ती माझ्यामुळे. गेल्या हिवाळ्यात ह्यांनी मला पहिल्यांदा तिच्यातून नेलं. खाडीतून बाहेर पडेपर्यंत बरं होतं. दुपारी जरा आतल्या फळीवर आडवी झाले, तर लाटा खिडक्यांवर आपटायला लागल्या आणि खिडकीच्या कडेतून पाणी थेट माझ्या उशीवर. खिडक्यांचं जुनं प्लास्टिक पिवळं पडून इतकं आंधळं झालेलं, की बाहेरचं काही दिसत नव्हतं, नुसतं पाणी तेवढं आत येत होतं. धक्क्यावर पाय टेकताच मी जाहीर केलं, "ज्या दिवशी ह्या खिडक्यांतनं एक थेंब आत येणार न्हाय, त्या दिवशी मी परत बसेन."

ही अट नव्हती, नकार होता. ह्यांना मात्र ती अट वाटली. इंजिनियर माणूस!

माझा राग खिडक्यांवर नव्हताच. हे जहाजावर निघाले, की मी महालक्ष्मी एक्स्प्रेसवर सोडायला जायचे. हे एसीच्या डब्यात बसायचे, ती काच बंदच. आतून काहीतरी बोलायचे, मला ऐकू यायचं नाही. मी आपली मान डोलवायचे, हसायचे. गाडी हलली की लेकीला, अंतराला, कडेवर घेऊन घरी. मग कित्येक महिने तिचा ताप मी बघायचा, तिचं गॅदरिंग मी बघायचं, सासूबाईंचं दुखणं मी काढायचं. ज्या समुद्रानं नवरा नेला, त्याच्यावर हौसेनं झोपायला जाऊ? मला फार राग होता त्याचा. अजून आहे थोडा.

मी असं कधी बोलून दाखवलं नाही, पण ह्यांना काहीतरी कळलं असावं. एकदा चहा पिताना म्हणाले, "तू येणार नसशील तर विकून टाकू. रत्नागिरीत गिऱ्हाईक हाय. एकट्यानं समुद्र मी पोटभर बघितलाय."

मी कप विसळायला उठले.

खिडक्या बदलायला ह्यांनी मित्राला धरलं. कृष्णात, उद्यमनगरात एस्टीच्या आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्यांच्या बॉड्या बांधतो. दोघांनी जुनं प्लास्टिक उचकटलं, नवं कापलं, भोकं पाडली, कडेनं पाणी अडवणारं चिकट सीलंट लावलं. कृष्णात आतून नट धरून आणि हे बाहेरून बोल्ट फिरवत. कोल्हापूरच्या माणसाला ढिलं काही खपत नाही. एकानं आवळलं की दुसरा म्हणणार, "अजून एक आटा!" इतकं कचकचून आवळलं, की सीलंट सगळं बाहेर. दुपारी उन्हानं प्लास्टिक तापलं, त्याला पसरायला जागा मिळेना. काडकन आवाज झाला आणि उशीच्या वरच्या खिडकीला बोल्टापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

"एस्टीची काच कवा अशी गेली न्हाय बगा, वैनी," कृष्णात कंबर धरत बाहेर आला. "आता त्या बिळात मी परत शिरत न्हाय."

हे शिडीवर तसेच उभे होते, तड्यावरून बोट फिरवत. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, आणि त्याचाच मला राग आला.

"अहो, पुरणपोळी लाटताना जोर दिला तर पुरण कडेनं बाहेर येतं," मी ओट्याजवळच्या खिडकीतून ओरडले. "तुम्ही लाटणं न्हाय, रोलर फिरवलाय!"

ह्यांनी वळून बघितलं. मग हसले. म्हणाले, "मग ये की. आतनं नट कोण धरणार?"

गेले. का गेले, मला विचारू नका.

ह्या वेळी नवं प्लास्टिक आणून भोकं मोठी पाडली. मध्ये सीलंटचा जाड थर राहील असे रबराचे छोटे तुकडे ठेवले, बोल्ट नुसते बोटांनी टेकवले आणि चार दिवस हात लावला नाही. मग हळूच थोडं थोडं फिरवलं. मी आत गुडघ्यांवर बसून पान्हा धरायचे आणि ह्यांना शिव्या घालायचे. एका खिडकीला दोन माणसं लागतात, एक आत आणि एक बाहेर, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. मी आत, दारं लावलेली. हे बाहेर शिडीवर, हातात पाण्याचा पाइप, मोटर चालू. नव्या स्वच्छ खिडकीवरून पाणी वाहत होतं आणि त्यामागं ह्यांचा चेहरा. हे काहीतरी बोलत होते. मला ऐकू येईना. मी सवयीनं मान डोलावली.

आणि तशीच थांबले. गाडीच्या डब्यातून ह्यांना असं दिसत होतं तर. बाहेरचं माणूस केवढंसं दिसतं, हसायचं म्हणून हसतं, आणि त्याचं एक अक्षर आत पोचत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, ऐकू न येणारी मी एकटीच. मला रडू आलं. साठी उलटलेली बाई, अंगणातल्या होडीत बसून रडते आहे!

डोळे पुसले तेव्हा तो दिसला. उशीच्या वरच्या खिडकीच्या कोपऱ्यात, एक थेंब. फुगला आणि फळीवर पडला.

मी दार उघडलं. ह्यांनी मोटर बंद केली. "गळालंय का?" हे विचारत होते, आणि मी काय म्हणणार ते आधीच ठाऊक असल्यासारखा चेहरा.

"गळालंय."

हे शिडीवरून सावकाश उतरले. पाइप गुंडाळायला लागले. "बरं," म्हणाले. "करतो रत्नागिरीला फोन."

"फोन कशाला?" मी ओरडले, असं की फाटकाशी उभा असलेला माणूसही दचकला. "पान्हा घ्या! डाव्या कोपऱ्यात गळालंय, काढा ती खिडकी आणि परत बसवा नीट. तिथं माझी उशी येती."