हिल्माच्या खिडकीतला तारा

अमेरिकेतल्या डुलुथच्या गोदीत लढाईची जहाजं बांधायला पुरुष पुरेनात, तेव्हा हिल्मा सोरेन्सनही पावाचं पीठ मळणं सोडून वेल्डिंगला जाऊ लागली. तिचा एकुलता एक एल्मर इटलीच्या आघाडीवर होता, म्हणून आळीच्या चालीप्रमाणे तिच्या खिडकीत पांढऱ्या कापडावरचा एक निळा तारा टांगलेला होता. पोरगा कामी आला की त्यावर सोनेरी तारा शिवायचा, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

मार्चमधल्या एका सकाळी पडदा सारताना ताऱ्याच्या एका टोकाला तिला सोनेरी धाग्याचे तीन टाके दिसले. घरात ती एकटीच, आणि सोनेरी रीळ आणायची तिची कधी छाती झाली नव्हती. भीतीच्या आधी तिला नवल वाटलं, कारण टाके इतके बारीक नि एकसारखे होते, की तिच्या हाताला ते जन्मात जमले नसते. तिनं ते उसवले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीन होते. मग कामावर जाण्याआधी टाके उसवायचे हा नेमच झाला. पोरगा गेल्याची तार काही येत नव्हती, तेव्हा आपणच पोराला राखतोय असं तिच्या मनानं घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला थोडा ताठाही चढला.

"त्या ताऱ्याच्या हात धुऊन मागे लागलीयस की काय?" शेजारच्या बर्निसनं एकदा कात्री पाहून विचारलं. "फाटेल अशानं."

"धागे निघतात गं," हिल्मा म्हणाली.

मे महिन्यात एल्मरचं पत्र आलं, इस्पितळातून. 'आई, पोटातली गोळी मार्चमध्येच काढली, पण जखम मिटत नाही. डॉक्टर संध्याकाळी तीन टाके घालतात, सकाळी ते उसवलेले असतात. इथं सगळ्यांना मी कोडंच झालोय.'

हिल्मानं कात्री नेऊन बर्निसच्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस."

तारा रोज थोडा थोडा सोनेरी होत गेला. जूनमधल्या एका रविवारी शेवटचं टोकही भरलं, आणि चर्चहून परतणाऱ्यांनी ते पाहिलं. दुपारी दारात पुरुष टोप्या काढून उभे राहिले. महिन्याची रेशनची साखर घालून केलेला केक घेऊन बर्निस आली. तिचे डोळे सुजले होते.

"हिल्मा, आम्हाला कळवायचं तरी."

"रडतेस काय, वेडे? बस," हिल्मा म्हणाली आणि हसत केकवर सुरी धरली. "एल्मरची जखम मिटली आज."