मुराळी म्हणून गेलेली फटफटी

मित्रांनो, यावलला झुलालनानांच्या गोठ्यात बैलांच्या दावणीमागे भिंतीला टेकून उभी आहे, ती जुनी जाडजूड फटफटी म्हणजे मी. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालतात. घालू देत बापड्या, तेवढा तरी उपयोग.

माझा जन्म परदेशातला. लढाईसाठी घडवलं मला. रुंद टाकी, बसकी बांधणी, खाटेसारखी ऐसपैस सीट. लढाई संपली, गोरे साहेब आपल्या घरी गेले आणि आम्हा गाड्यांचा लिलाव झाला. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. केळीचे बागाईतदार झुलालनाना मला घेऊन आले, तेव्हा अख्खं यावल वेशीपर्यंत लोटलं होतं.

काय मिजास होती माझी! सडकेला लागले की पोटातून असा संथ ठेका निघायचा की मळ्यातली माणसं खुरपी टाकून बघायची. नाना मागे रेलून बसायचे, फेट्याचा शेमला वाऱ्यावर उडायचा. लग्नात नवरदेवाच्या घोड्याआधी मला बोलावणं यायचं. खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड लागायचं.

पण कौतुक करणारे बघून घरी जातात, निस्तरावं लागतं घरच्यांना. थंडीत मला लाथा मारून मारून नानांचा पाय सुजायचा. काळ्या मातीत रुतले की चार गडी लागायचे. एखादा भाग मोडला की तो मुंबईहून येईपर्यंत मी आपली उभी. धुराच्या नळीने तर नानांच्या पोटरीला कायमचा डाग दिला. केळीला पाणी कधी द्यायचं ते सालदार निंबाने बघावं, नाना सकाळभर मला पुसत बसलेले. लोक त्याला हौस म्हणायचे. मी खूळ म्हणते.

एका उन्हाळ्यात नानांच्या आईची, यशोदाबाईंची नजर झपाट्याने जायला लागली. जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, काचबिंदू आहे, आता जे पाहायचं ते पाहून घ्या. म्हातारीला काय पाहायचं होतं? लेकीचं तोंड. भिकुबाई पहूरला दिलेली. आईने लेकीच्या सासरी जायची रीत नव्हती. लेक वर्षातून एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची, तीही भाऊ मुराळी होऊन आणायला गेला तरच. आखाजी चार दिवसांवर आली होती. निंबाने बैल जुंपले, वर छत बांधलं.

नाना म्हणाले, "सोड बैल. मी फटफटीवर जातो."

यशोदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. "झुलाल, गाडीच धाड रे. मले तिचं तोंड पाहू दे एकदा."

"माय, गाडीले दोन दिवस लागतीन. मी सांजपर्यंत आनतो तिले. तू बस इथंच."

भिकुबाईसाठी घेतलेलं हिरवं लुगडं त्यांनी माझ्या पाठीवर बांधलं आणि आम्ही निघालो. तापीच्या वाळूत मी रुतले. लोकांनी ढकलून काढलं, त्या ओढाताणीत गाठोडं घसरून तापलेल्या नळीवर पडलं. वास आला तेव्हा लुगड्याला तळहाताएवढं भोक पडलं होतं. नानांनी आधी माझ्या नळीला लागलेली राख पुसली.

पहूरला पोचलो तर भिकुबाई बोचकं बांधून दारात तयार. पण नानांनी आधी पारावरच्या मंडळींना एक चक्कर मारून दाखवली. मग सासरे चुडामणआबा बाहेर आले. त्यांनी मला वरून खालून न्याहाळलं.

"पाव्हणे, तुमची फटफटी लाख चांगली," ते म्हणाले. "पन आमची सून तिच्यावर टांग टाकून गावातून जायाची नाही. बैलगाडी आना, त्याच पावली धाडतो."

खान्देशातल्या माणसाला हे आधी सुचू नये? निंबाला सुचलं होतं, म्हातारीला सुचलं होतं. नानांना माझ्यापुढे काही दिसतच नव्हतं. तरी वेळ गेलेली नव्हती. लगेच घरी पोचून गाडी धाडली असती तर आखाजीला भिकुबाई आईपुढे उभी असती. भिकुबाईने ते जळकं लुगडं घेतलं आणि एवढंच म्हणाली, "दादा, लौकर धाड रे. मायचे डोळे थांबायचे नाहीत."

आणि जामनेरच्या पुढे माझं इंजिन जाम झालं.

थोड्या वेळाने भुसावळकडे जाणारा ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "चला नाना, बसा." नाना माझ्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले. मला सोडून गेले तर लोक चाकंसुद्धा काढून नेतील, म्हणे. त्यांनी ड्रायव्हरकडे निरोप दिला, भुसावळच्या मिस्त्रीला. घरी निरोप द्यावा, निंबाला बैल जुंपायला सांगावं, हे त्या शहाण्या माणसाच्या मनातसुद्धा आलं नाही. मिस्त्री आला, भाग आणायला परत गेला, आणि नाना बाभळीखाली माझी राखण करत बसले. आम्ही यावलला शिरलो तेव्हा आखाजी होऊन गेली होती. कडुलिंबाच्या झाडाला बांधलेला सणाचा झोका बायका सोडत होत्या. सण गेल्यावर सून धाडायला चुडामणआबा काही तयार झाले नाहीत.

पुढच्या आखाजीला निंबा गाडी घेऊन गेला. भिकुबाई आली. यशोदाबाई तिथेच ओट्यावर बसल्या होत्या, पण आता दिवस की रात्र हेही त्यांना विचारावं लागायचं. त्यांनी लेकीचं तोंड बोटांनी चाचपलं, मग खांदा, मग पदर. बोटं एका जागी थांबली. तिथे जाड रफू होतं.

"हे काय व, भिकू?"

"नक्षी हाये, माय. नवीन निघाली."

"हो का? चांगली दिसत असीन."

नाना उठले आणि मला ढकलत गोठ्यात घेऊन आले. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझी धूळ झटका, असं मी काही म्हणायची नाही. ते लाड पुष्कळ झाले. माझ्यासारखी गाडी घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या. पण घरी कोणी वाट पाहत असेल आणि मी रस्त्यात बंद पडले, तर मला तिथेच टाका आणि चालायला लागा. माझी चाकं कोणी नेली तर नेऊ देत.